झोपाळू अस्वल आणि गुणगुणणारा पाइप

४ सप्टेंबर

चिमणे,

खूप आशीर्वाद. पाकीट बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. मामीचा गुडघा सोडून. पण त्याबद्दल ती स्वतःच तुला सविस्तर सांगेल, मी मधे पडत नाही.

हातात फोन असताना मामाला पत्र लिहायची हुक्की का आली, असं तुला वाटेल. अगं, फोन आता माझा राहिलेलाच नाही. तो शाळेचा झालाय. आमच्या नव्या मुख्याध्यापिका बाईंनी फर्मान काढलंय : प्रत्येक वर्गाचा फोनवर एक गट हवा, तिथे मुलांनी अभ्यासाबद्दल बोलायचं. शिवाय इंटरनेटवर एक सामायिक पान हवं, ते सगळ्यांनी एकाच वेळी उघडायचं, त्यात लिहायचं आणि मिळून एक प्रकल्प पुरा करायचा. नववीचं विज्ञान माझ्याकडे, त्यामुळे नववीचा गटही माझ्या गळ्यात.

मी काही मागे हटणारा माणूस नाही. गट केला. शिस्त हवी म्हणून पहिल्याच दिवशी नियम घातले. परवानगीशिवाय लिहू नये. अपूर्ण वाक्य लिहू नये. हसऱ्या तोंडांची चित्रं टाकू नयेत, रडक्या तोंडांचीही नकोत, एकूणच तोंडं नकोत. मग पहिला प्रश्न टाकला : "जडत्व म्हणजे काय?"

एका मुलाने पुस्तकातली व्याख्या जशीच्या तशी उतरवली. बाकीच्या पस्तीस जणांनी तिच्याखाली अंगठा दाखवला. त्यानंतर सहा दिवस गट जागचा हललेला नाही. मामी म्हणाली, "मग उत्तर आलं की. हेच ते जडत्व." तिला विज्ञानातलं काही कळत नाही आणि वेळ साधून बोलायचं मात्र बरोबर कळतं.

त्या सामायिक पानाचा पत्ता मी तुला फोनवर पाठवलाय. ते तुझ्याकडे उघडतं का, एवढं बघून कळव. तू यंत्रांमधली माणूस, तुला जमेल.

तुझा,
मामा

१० सप्टेंबर

प्रिय मामा,

तुझं पत्र मी लिफ्टच्या डोक्यावर बसून वाचलं. म्हणजे खरंच. एका इमारतीतली लिफ्ट चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मधे अडकली होती, मी वर चढून ब्रेक तपासत होते आणि पाकीट खिशात होतं. आत अडकलेले एक आजोबा खालून विचारत होते, "बाई, तुम्ही हसताय का? काही गंभीर आहे का?"

तुझं पान उघडलं. अगदी झकास दिसतंय. फक्त माझ्यासाठी कुलूप काढावं लागलं नाही. म्हणजे तू ते साऱ्या जगाला उघडं ठेवलंयस. बघ बाबा.

आता गटाचं. मामा, रागावू नकोस, पण ज्याचं उत्तर तुला आधीपासून माहीत आहे असा प्रश्न तू विचारलास, तर मुलं कशाला बोलतील? त्यांना कळतं की तुला उत्तर नकोय, हजेरी हवीय. तुला स्वतःला न सुटलेलं काहीतरी विचार. आणि ते नियम काढून टाक. तोंडं येऊ देत. आमच्या दुरुस्तीवाल्यांच्या गटात आम्ही अर्धी कामं तोंडांवरच भागवतो.

मामीच्या गुडघ्याबद्दल दीड तास ऐकलं. तू मधे पडला नाहीस हे शहाणपणाचं केलंस.

चिमणी

१८ सप्टेंबर

चिमणे,

तुझा सल्ला ऐकला आणि माझी झोप उडाली!

न सुटलेला प्रश्न माझ्यापाशी होताच. आमच्या शाळेच्या भिंती गुणगुणतात. थट्टा नाही. मधली सुट्टी संपून पाचव्या तासाला सुरुवात झाली की पाईपमधून एक लांबलचक हुंकार निघतो, एखादी म्हैस तळघरात कोंडल्यासारखा. पाच-सात मिनिटांनी आपोआप थांबतो. वर्षानुवर्षं चाललंय. सगळे शिक्षक त्या वेळात आवाज चढवून शिकवतात. मी गटावर लिहिलं : "हा आवाज कशाचा? मला ठाऊक नाही. नियम रद्द."

एका तासात एकशे चौदा निरोप. मुलांनी कामं वाटून घेतली. कोणी जिन्यात, कोणी प्रयोगशाळेत, कोणी पाण्याच्या टाकीखाली उभं राहून आवाज टिपतंय. ते सगळे आवाज पानावर एकाखाली एक लावलेत. एकाने शाळेचा नकाशा काढला, दुसऱ्याने त्यात आवाज मोठा तिथे लाल आणि बारीक तिथे निळा रंग भरला. ही तीच मुलं, ज्यांना मी गेल्या वर्षी आलेख काढायला सांगितला तर पोट दुखायचं!

आणि यांची म्होरकी कोण, तर कुजबुज. ही एक मुलगी आहे. इतकं हळू बोलते की हजेरीला "उपस्थित" म्हणते ते तिच्या शेजारणीला पुन्हा मोठ्याने म्हणावं लागतं, म्हणून सगळा वर्ग तिला कुजबुज म्हणतो. वर्षभरात मी तिचा आवाज ऐकलेला नाही. पण पानावर ती काय लिहिते! "तुझा आवाज टिपताना मागे पंखा चालू होता, पुन्हा टिप." "हे मत आहे, निरीक्षण कुठाय?" मोठमोठी दांडगी मुलं निमूटपणे पुन्हा जिने चढतात.

माझ्याकडून एक घोटाळा झाला. नकाशा सगळ्यात लाल झाला तो शिक्षकांच्या स्वच्छतागृहापाशी. तिथे मुलांना मज्जाव, म्हणून आवाज टिपायला मी गेलो. टिपता टिपता स्वतःशी पुटपुटलो, "या बाईंनी एक दिवस स्वतः नववीला शिकवून दाखवावं म्हणजे कळेल." आणि तसाच तो गटावर टाकला. गटात मुख्याध्यापिका बाईही आहेत. त्यांनी खाली लिहिलं, "आवाज स्पष्ट आहे." कुठला, ते लिहिलं नाही.

पण खरी डोकेदुखी वेगळीच. पानावर नाव न देता कोणी आलं की ते यंत्र आपल्या मनाने एखाद्या प्राण्याचं नाव चिकटवतं. आमच्याकडे असं एक 'झोपाळू अस्वल' शिरलंय. मी छान मोठा परिच्छेद लिहिला होता की हा हुंकार पाईपात अडकलेल्या हवेचा आहे. अस्वलाने तो पुसला! मी पुन्हा लिहिला. त्याने पुन्हा पुसला आणि वर शेरा मारला : "हवा असती तर नळ फुरफुरला असता." एवढ्यावर थांबेल तर अस्वल कसलं! मी 'पाईप' लिहिलं की ते 'पाइप' करतं. एकोणतीस वर्षं शिकवतोय मी. माझं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त करणारा नववीतला कोण हा टिकोजी?

म्हणूनच हे कागदावर लिहितोय. इथे निदान कोणी खोडणार नाही.

मामा

२३ सप्टेंबर

प्रिय मामा,

किती दिवसांनी तुझ्या पत्रात तू एवढा खुशीत दिसलास! नकाशाची कल्पना तर फारच छान, विशेषतः प्रयोगशाळेचा कोपरा जांभळा केलाय तो.

अस्वलाचं एवढं मनावर घेऊ नकोस. कोण असेल ते असेल. पण त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ वाटत नाही मला. समज, हवा नसेलच. समज, स्वच्छतागृहाच्या टाकीत पाणी भरताना जो तरंगता गोळा वर येऊन झडप बंद करतो, तो शेवटी शेवटी थरथरत असेल. मधल्या सुट्टीत सगळे जातात, टाकी रिकामी होते, मग पाचव्या तासाला भरते. मी आपली लांबून सुचवतेय. कुजबुजला विचार, ती पोहोचलीच असेल तिथवर.

आणि मामा, 'पाइप'च बरोबर आहे. हे मी कुठल्याही अस्वलाची बाजू घेऊन म्हणत नाहीये.

घाईत आहे. एका दवाखान्याची लिफ्ट फक्त वर जाते, खाली यायला तयार नाही.

चिमणी

२९ सप्टेंबर

चिमणे,

सगळं मुसळ केरात गेलं.

परवा कुजबुजने पानावर लिहिलं की टाकीतल्या झडपेकडे बघायला हवं. दुसऱ्याच मिनिटाला अस्वल आलं, त्याने माझा हवेचा परिच्छेद तिसऱ्यांदा पुसला आणि लिहिलं, "शाबास! आता सरांची हवा काढा." माझं डोकंच फिरलं. जिथे कुजबुज, तिथे लगेच अस्वल. मी वर्गात गेलो आणि सगळ्यांसमोर तिला उभं केलं. म्हटलं, "तोंडाने ब्र काढायचा नाही आणि आडून वार करायचे, हे शिकवलंय का आम्ही?"

ती काहीतरी बोलली. मला ऐकू आलं नाही. मी म्हटलं, "मोठ्याने!" तिचे ओठ हलले आणि मग तेही थांबले.

संध्याकाळी जेवायला बसलो तर फोन वाजायला लागला. "कुजबुज गटातून बाहेर पडली." मग तिची शेजारीण बाहेर पडली. मग ते दांडगे दोघे. मग एकेक, एकेक करत अख्खा वर्ग. प्रत्येक वेळी टिंग. मामी घास हातात धरून मोजत बसली. शेवटी गटात मी उरलो आणि मुख्याध्यापिका बाई. थोड्या वेळाने बाईंनी लिहिलं, "सर, पुढच्या सोमवारी मी तुमच्या वर्गात येऊन बसेन. गट असाच रिकामा राहिला तर नववी संगणकाच्या सरांकडे द्यावी लागेल."

संगणकाचे सर चोवीस वर्षांचे आहेत आणि उडी मारून टेबलावर बसतात.

मी फोन कपाटात ठेवून कुलूप लावलंय. तू फोन करशील तर तो चादरींना ऐकू जाईल. नववी गेली तर जाऊ दे, असं मी मामीला म्हटलं. तिने माझं ताट उचलून नेलं. त्या पोरीचे हलून थांबलेले ओठ काही डोळ्यांसमोरून जात नाहीत गं.

मामा

५ ऑक्टोबर

मामा,

हे जलद टपालाने पाठवतेय. तुझं पत्र आत्ता मिळालं. अकरा वेळा फोन केला, तुझ्या चादरी उचलत नाहीत. मामीला केला तर ती म्हणाली, "तो गच्चीवर बसून काहीतरी लिहितोय, मधे बोलू देत नाही."

ती कुजबुज नव्हे. ते अस्वल मी आहे.

तू पान उघडतं का बघ म्हणालास, मी बघितलं. मुलांनी टिपलेला तो आवाज ऐकला आणि मला राहवेना. लिफ्टमध्ये सतत असले हुंकार शोधत असते मी, माझा जन्म त्यात चाललाय. वाटलं, मामाला एक इशारा देऊ. मग तू तो परिच्छेद परत लिहिलास. मग मला चेव आला. लहानपणी पत्त्यांत तू मला कधी जिंकू द्यायचा नाहीस, ते सगळं वर आलं. रोज दुपारी डबा खाताना मी तुझी वाट बघायचे, आज मामा काय लिहितो म्हणून. गेले काही दिवस पान सुनसान होतं, तर मला वाटलं परीक्षा असेल. काल एकदम तुझा 'पाईप' दिसला आणि इतकं बरं वाटलं, मी लगेच दुरुस्त केला. तिकडे हे रामायण झालंय याची मला कल्पनाही नव्हती.

त्या मुलीला आजच्या आज सांग. हे पत्र वर्गात वाचून दाखव. माझी काय शोभा व्हायची ती होऊ दे.

चिमणी

५ ऑक्टोबर

श्रीमती झोपाळू अस्वल यांस,

तुझा काल दुपारचा एक वाजून वीस मिनिटांचा 'पाइप' पोहोचला. छत्तीस साक्षीदारांसमोर पोहोचला. तो कसा, ते सांगतो.

त्या दिवसानंतर वर्गात गेलो की मुलं हाताची घडी घालून बसायची. विचारलं तर उत्तर द्यायची, पण तेवढंच. शेवटी परवा मी म्हटलं, "कुजबुज, तुला काही म्हणायचं आहे का? लिहून सांगितलंस तरी चालेल." ती उठली, फळ्यापाशी आली आणि एकच शब्द लिहिला : "पुरावा?"

चिमणे, तो माझाच शब्द. वर्षाच्या पहिल्या दिवशी मी प्रत्येक वर्गाला तो छाती फुगवून सांगतो. आणि माझ्याकडे पुरावा नव्हता. दिसला योगायोग आणि मी निकाल देऊन मोकळा झालो होतो.

मग आम्ही प्रयोग मांडला. मी नव्हे, आम्ही. तोही तिनेच आखला, फळ्यावर, मुद्द्यांसकट. काल मधल्या सुट्टीत कोणी बाहेर जायचं नाही. सगळ्यांचे फोन टोपलीत, टोपली टेबलावर. पान भिंतीवर मोठं करून लावायचं. सरांनी एक चूक मुद्दाम करायची. मी शाळेच्या संगणकावर टाइप केलं : "पाईप." अख्खा वर्ग श्वास रोखून भिंतीकडे बघतोय. एक मिनिट, दोन मिनिटं. कोपऱ्यात झोपाळू अस्वल उगवलं! शब्दापाशी आलं, थबकलं आणि दीर्घ 'ई' पुसून ऱ्हस्व 'इ' ठेवून गेलं. मुलं बाकांवर चढली. शेजारच्या वर्गाचे सर काय कोसळलं म्हणून धावत आले.

मी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं : "मी चुकलो. तुझी माफी मागतो." तोंडानेही म्हटलं, मोठ्याने. तिने मान हलवली आणि आपल्या जागेवर जाऊन बसली. मग तिच्या शेजारणीने वही उघडून वाचायला सुरुवात केली. कुजबुजने अस्वलाबद्दलची निरीक्षणं आधीच काढून ठेवली होती. अस्वल डबा खायच्या वेळी येतं. अस्वल आमच्यातल्या कोणालाही टोपणनावाने हाक मारत नाही. अस्वलाने एकदा लिहिलंय, "लिफ्टची झडप अडकली की अशीच रडते." शेवटी शेजारीण म्हणाली, "सर, कुजबुज विचारतेय, तुमच्या ओळखीत कोणी लिफ्टवालं आहे का?"

मला जो ठसका लागला, तो दोन मुलांनी पाठीत मारूनही थांबेना.

संध्याकाळपर्यंत सगळे गटात परत आले, असं आज मुलांनी सांगितलं; माझा फोन अजून चादरींतच आहे. आता तू काय ते बोल.

मामा

९ ऑक्टोबर

मामा,

आपली पत्रं वाटेत एकमेकांना ओलांडून गेली. मी कबुली देत होते आणि तू खटला निकालात काढून बसला होतास.

मला काही बोलायला तोंड नाही. कुजबुजला एक वेगळी चिठ्ठी सोबत जोडलीय, ती तिला दे, उघडू नकोस. सोमवारी काय झालं? बाई आल्या का? नववी तुझ्याकडेच आहे ना? लवकर लिही, माझा जीव टांगणीला लागलाय. लिफ्टवालीने हे म्हणावं म्हणजे काय ते समज.

चिमणी

१५ ऑक्टोबर

चिमणे,

तुझी चिठ्ठी तिला दिली. वाचून ती हसली आणि घडी करून कंपासपेटीत ठेवली. काय लिहिलंस ते मी विचारलं नाही. मामीने मला चार वेळा विचारलं.

सोमवारी बाई आल्या. मागच्या बाकावर बसल्या. पाचवा तास सुरू झाला आणि भिंत हुंकारली. एक मुलगा उठून म्हणाला, "बाई, आम्हाला शिक्षकांच्या स्वच्छतागृहात जायची परवानगी हवी." बाईंनी आयुष्यात पुष्कळ अर्ज ऐकले असतील, पण हा नवा होता. त्या उठल्या, स्वतः दारात जाऊन उभ्या राहिल्या आणि आतल्या एका सरांना बाहेर यायला लावलं. ते सर अजून माझ्याशी बोलत नाहीत.

आत मी, कुजबुज आणि फोन धरलेला एक दांडगा. बाकीची मुलं प्रत्येक मजल्यावर नळांपाशी कान लावून. मी स्टुलावर चढलो, टाकीचं झाकण काढलं. तो प्लास्टिकचा गोळा पाण्यावर नुसता थरथरत होता, वर-खाली, वर-खाली. कुजबुजने बोट दाखवलं. मी बाही वर करायची विसरून हात कोपरापर्यंत आत घातला आणि गोळा घट्ट धरला.

शाळा शांत झाली.

फोनमधून तळमजला ओरडला, "थांबला!" प्रयोगशाळा ओरडली, "इथेही थांबला!" मी हात सोडला, हुंकार सुरू. धरला, बंद. पाच वेळा करून बघितलं. नंतर बाई म्हणाल्या, "मला बघू." त्या साडी सावरून स्टुलावर चढल्या आणि त्यांनीही दोनदा धरला, दोनदा सोडला. उतरल्या, हात पुसले आणि म्हणाल्या, "नववी तुमच्याकडेच राहू दे, सर. आणि एक दिवस तिला शिकवायला मी येईन म्हणते. आवाज स्पष्ट होता तुमचा."

माझा हवेचा परिच्छेद मी स्वतःच्या हाताने पुसला. नंतर प्लंबरने झडप बदलली आणि पाचवा तास आता इतका शांत असतो की सवय होईपर्यंत आम्हा सगळ्यांना चुकल्यासारखं वाटतंय.

त्याच शांततेत काल एक गोष्ट घडली. मी फळ्यावर आकृती काढत समजावत होतो. मागून कसलातरी बारीक आवाज आला. वर्गाने एकदम श्वास रोखला, म्हणून मीही थांबलो. कुजबुज उभी होती. शेजारीण मधे बोलायला गेली, तर तिने हातानेच तिला गप्प केलं.

"सर," ती म्हणाली. तेवढ्याच हळू, पण टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती अशा त्या खोलीत मला प्रत्येक अक्षर ऐकू आलं. "तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता. आम्हाला काहीच ऐकू येत नाही."

"कधीपासून?" मी विचारलं.

"पहिल्या दिवसापासून," अख्खा वर्ग म्हणाला.

मी खडू ठेवला, त्यांच्याकडे वळलो आणि धडा पहिल्यापासून सुरू केला.

तुझा,
मामा